काचेच्या भांड्यातली सवत

मी शिलाईची मशीन बोलतेय. पायाने चालणारी, काळ्या रंगाची, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसली गेलेली. तुम्ही दुकानात कपडे टाकायला येता तेव्हा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ मास्तरांशी बोलता. त्याचं मला काही वाटत नाही. पण हल्ली लोक आत येतात, माझ्या डोक्यावरून वाकून शेजारच्या काउंटरकडे बघतात आणि म्हणतात, "अय्या, किती गोड मासा!" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून म्हटलं, आज बोलूनच टाकावं.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, घासलं, रंगवलं, आणि अंगभर नक्षी उमटवली. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. कुणाला कुणाचा हेवा नव्हता, कारण कुणापाशी दुसरीपेक्षा जास्त असं काही नव्हतंच.

मास्तरांनी मला घेतलं तेव्हा ते मास्तर झालेले नव्हते. दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करणारा एक लाजरा तरुण, एवढीच त्यांची ओळख. माझ्यावर बसून त्यांनी स्वतःच्या लग्नाचा कोट शिवला. मग लेक झाली. ती लहान असतानाच तिची आई गेली आणि पोर दिवसभर दुकानातच राहू लागली. माझ्या पायडलजवळ कापडाच्या चिंध्यांचा ढीग असायचा, त्यावरच ती झोपायची. तिचा मला कधी हेवा वाटला नाही. तिचा एकूण एक फ्रॉक माझ्या सुईखालून गेलाय, मग ती माझीच नाही का?

तर सांगत होते मास्तरांबद्दल. सकाळी दुकान उघडलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे मी. लांब नळीची तेलाची डबी घ्यायची, माझ्या एकेका भोकात थेंब सोडायचा, चाक हळूच फिरवायचं. वर ओघळलेलं तेल ते फडक्याने पुसत नसत, बोटाने फिरवत. कुठे कोरडं आहे ते बोटालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग साबणाने हात खसाखसा धुवायचे, नखं नीट बघायची आणि त्यानंतरच कापडाला हात लावायचा. कापडाला तेलाचा डाग म्हणजे त्यांना मरणाची लाज. इतकी वर्षं दिवसाची सुरुवात माझ्यापासून झाली. बाकी गिऱ्हाइकं, फोन, चहा सगळं नंतर. आधी मी.

आणि मग तो आला.

लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जायच्या आधी ती एक काचेचं गोल भांडं घेऊन आली. आत एकच मासा, निळा-जांभळा, अंगापेक्षा पंख मोठे. असली फॅशन मी उभ्या जन्मात कुणाला शिवून दिलेली नाही.

"बाबा, हा फायटर. नवाब नाव ठेवलंय. दुसऱ्या माशाबरोबर राहत नाही, एकटाच लागतो."

"एकटाच?" मास्तर म्हणाले. "मग आमचं जमेल."

"रोज सकाळी दाणे टाका, दोन-चारच. आणि मी फोन केला की मला दाखवा हं."

नवाब! मी इतकी वर्षं राबतेय, मला कुणी नाव दिलं? मी नुसती मशीन. "मशीन आज जड चालतेय," बस्स. आणि हा आल्या आल्या नवाब! त्याला पाहिलं आणि मनात म्हटलं, आली बाई सवत. आता सवत मिशीवाली असो की कल्लेवाली, सवत ती सवत.

लेक गेली आणि सकाळचा कार्यक्रम बदलला. मला तेल देऊन झालं की मास्तर तसेच वळत आणि दाण्यांच्या डबीत बोटं घालत. दाणे टाकून झाले की पाण्यावर बोटाने टकटक करत. तो नवाब झुलत वर यायचा आणि बोटाला तोंड लावायचा. मास्तर हसायचे. त्यानंतर हात धुणं, आणि त्यानंतर कापड. बघा म्हणजे, माझ्या तेलाचं बोट अजून ओलं आणि तेच याला लाडाने चाटवायचं! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात हा भांडखोर. माझं चाक चकचकीत, त्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसायचं. झालं! कल्ले फुलवून, पंख ताणून तो माझ्या अंगावर धावून यायचा. काचेला नाक आपटायचा, मागे सरायचा, पुन्हा यायचा. मला वाटायचं, घे, याला माझी जागाही हवीय. मीही मग चाक जरा जास्तच खडखडवायची.

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. पूर्वी ती फोन करायची तेव्हा मास्तर "जेवलीस का? बरं. काळजी घे," एवढं बोलून थांबायचे. मनात खूप असायचं, पण तोंडातून निघेल तर शपथ. आता फोन भांड्यासमोर धरून दोघं तासभर गप्पा मारत. नवाबाने आज काय केलं, कुणाला घाबरला, कसा झोपला. त्याच्या नावाखाली मग तिचं ऑफिस, तिची खोली, तिचा खोकला, सगळं निघायचं. मास्तरांचा चेहरा कसा फुलायचा म्हणून सांगू! हा चेहरा मी त्यांना कधी देऊ शकले नाही, ते दुःख वेगळंच.

मत्सराचा एक फायदा असतो. ज्याचा मत्सर करतो त्याच्यावरची नजर हलत नाही. त्यामुळे नवाबाचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं.

एके दिवशी चाक फिरलं आणि तो धावून आला नाही. बघितलं, आणि तोंड फिरवलं. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, जिरली एकदाची! मग त्याचे पंख मिटायला लागले. एरवी झालरीसारखे पसरायचे, ते अंगाला चिकटून गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे दिसू लागले. निळा रंग उडाला, धुऊन विटलेल्या शर्टासारखा झाला. शेपटीची कड विरली. दाणा तोंडात घ्यायचा आणि बाहेर टाकायचा. सारखा वर येऊन तोंड उघडायचा, हवा मिळत नसल्यासारखा, आणि दमून तळाच्या दगडाला टेकून पडायचा.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला.

"बाबा, मशीन काय दाखवताय? नवाब कुठेय?"

"झोपलाय तो. उगाच कशाला उठवायचं. तू जेवलीस का?"

पुन्हा ते जुने, आखूड फोन सुरू झाले. मास्तर फोन ठेवून भांड्यापुढे बसत आणि म्हणत, "राजा, असं नको करू रे. तू गेलास तर मी तिच्याशी बोलू काय?"

राजा! मला काय वाटलं असेल याचा विचार करा. आणि तरी त्यांचा तो आवाज ऐकवत नव्हता.

योगायोगाने अ‍ॅक्वेरियमच्या दुकानाचा मालक पँट आखूड करून घ्यायला आला. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवून आधी त्याला भांड्याकडेच ओढलं. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"पंख मिटलेत. हे पहिलं लक्षण. रंगही उतरलाय. पाणी कधी बदललं होतं?"

"पाणी स्वच्छच दिसतं की."

"दिसण्यावर जाऊ नका, मास्तर. थोडं थोडं बदला, एकदम सगळं नको. नळाचं पाणी तसंच ओतू नका, मी थेंब देतो ते घाला. माशांचं मीठ चिमूटभर. आणि याला ऊब लागते, छोटा हीटर बसवा."

हीटर आला. आणि तो कुठे लावला? माझ्या दिव्याचा प्लग काढून, त्याच्या जागी! याला ऊब हवी म्हणून मी अंधारात. मास्तर डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होते आणि तक्रारीचा एक शब्द नाही. मी मात्र मुद्दाम दोनदा दोरा तोडला.

नवं पाणी घातलं तसा नवाब जरा उठला. एक पंख उघडला. मास्तर खुशीत घरी गेले. दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे मला तेल, मग त्याला दाणे, टकटक, आणि दुपारपर्यंत साहेब पुन्हा तळाला. पुन्हा पाणी, पुन्हा सुधारणा, आणि पुन्हा सकाळी तेच. मीठ झालं, ऊब झाली, एक दिवस उपासही घडवला. उपासाच्या दिवशी दाणे नव्हते, पण लाडाने बोट बुडवलंच. मास्तर हतबल झाले. कापडं साठत चालली, गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करून परत जाऊ लागली.

त्या दिवशी ऊन तिरपं आलं होतं. मास्तरांना पाण्यावर धूळ तरंगताना दिसली. मी आदल्या दिवशी कॉलर शिवली होती, त्यातला पांढऱ्या अस्तराचा एक तुकडा पडला होता. तो त्यांनी उचलला, पाण्यावर अलगद पसरला आणि धूळ टिपून वर घेतला. उजेडात धरला आणि जागच्या जागी थिजले.

अस्तरावर पिवळसर, पसरट, कडा धूसर असलेला डाग होता.

हा डाग दुसऱ्या कुणी ओळखला नसता. पण मास्तर आयुष्यभर या डागाला भ्यालेले. त्यांनी तुकडा नाकाशी नेला. मग आपल्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अरे देवा," ते हळू आवाजात म्हणाले. "कापडासाठी हात धुतो, आणि याच्यासाठी नाही! का? तर हा पाण्यातच आहे म्हणून!"

अ‍ॅक्वेरियमवाल्याला फोन लावला. तिकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "मास्तर, फायटर वर येऊन हवा घेतो. तुम्ही रोज वर तेलाचा पापुद्रा घालत होतात, तो बिचारा श्वास घेणार कुठून? वर कोरा कागद टाकून तेल उचला, भांडं नीट घासा, पण साबण लावू नका. शेपटीसाठी औषध देतो. वाचेल, पण हात सांभाळा."

माझं तेल! ज्या थेंबावर मी जगते, ज्याचा मला एवढा तोरा, तो त्याचा जीव घेत होता. तुम्ही म्हणाल, मला समाधान वाटलं असेल. कसलं काय! मला भीती वाटली. मास्तर आता माझं तोंड बघणार नाहीत असं वाटलं.

आणि झालंही तसंच. त्यांनी माझ्यावर कव्हर टाकलं आणि तेलाची डबी फडताळात लोटली. नवाबासाठी कागद, नवं पाणी, औषधाचे थेंब. माझ्यासाठी काही नाही. कामापुरतं कव्हर निघायचं, तेव्हा चारचौघांत कुरकुर करू लागले मी. पट्टा चिं चिं करायला लागला. कव्हरखालून मला नुसतं पाण्याचं हलणं ऐकू यायचं आणि प्रत्येक आवाजागणिक मी आणखी जळायची.

एका संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. या वेळी मास्तरांनी कॅमेरा लपवला नाही.

"बाळा, तुला खोटं बोललो. नवाब आजारी आहे. माझ्याच हातून झालंय. जगतो की नाही, माहीत नाही."

"आणि म्हणून तुम्ही इतके दिवस माझ्याशी बोलत नव्हतात?"

"बोलायला तोच तर होता."

लेक रडक्या आवाजात रागावली. "बाबा, मी काय माशाला फोन करते होय? तो गेला तरी मी करणारच ना! काहीच नसलं बोलायला तर मशीन चालवा, मी ती ऐकत बसेन. लहानपणापासून तीच ऐकत झोपलेय."

मास्तरांनी डोळे पुसले. फोन माझ्या फळीवर उभा केला, कव्हर काढलं आणि एक साधी चिंधी सुईखाली घेऊन चालवू लागले. मी कोरडी होते, आवाज भयंकर निघत होता. पलीकडून ती म्हणाली, "बाबा, तेल दिलं नाहीत का तिला?"

तिला. मला म्हणाली ती.

नवाब वाचला. शेपटी अजून थोडी आखूड आहे, पण नवी कड पारदर्शक फुटतेय. रंग परतलाय. काल माझ्या चाकात बघून पुन्हा कल्ले फुलवले मेल्याने, आणि मास्तर टाळी वाजवून म्हणाले, "भांडतोय म्हणजे बरा आहे." हे मात्र मलाही पटलं, कारण भांडत नव्हता तेव्हाचा तो मला बघवत नव्हता.

सकाळची रीत आता बदलली आहे. मास्तर येतात, हात धुतात, कोरडे करतात आणि आधी त्याला दाणे देतात. मग माझ्याकडे येतात, तेल देतात, ते बोटाने फिरवतात, पुन्हा हात धुतात. आधी तो, मग मी. खुपतं मला. रोज खुपतं. उगाच मोठेपणाचा आव आणून मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

तुमच्या घरीही असा एखादा नवाब असेल, तर त्याचे पंख मिटलेले दिसले, रंग उतरलेला दिसला की लगेच बघा. उद्यावर टाकू नका. आणि त्याच्याकडे जाताना हात स्वच्छ ठेवा. आधी त्याचंच करा, माझी हरकत नाही. म्हणजे आहे, पण असू दे. त्याचं झालं की मात्र घरात जे कुणी जुनं, मुकं, कोपऱ्यात वाट बघत उभं असेल, त्याच्याकडे या. उशिरा आलात तरी चालेल. पण या.