ठेवणीतला जोड

मी एक बूट बोलतोय. डावा. उजवा इथे शेजारीच पडलाय, पण तो कधी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. जाड कातडं, पुढच्या टोकाला रबराची पट्टी, खाली खोल खाचांचा सोल, आणि सोल आणि कातडं यांच्यामध्ये एक मऊ थर, चालताना पायाला दणका बसू नये म्हणून. तो थर कशाचा होता हे मला कोणी सांगितलं नाही. लपवलंच असणार.

२०१२ साली मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनजवळच्या 'ते रापा' नावाच्या गावातल्या एका दुकानात येऊन पडलो. दुकानातला विक्रेता फार गोड बोलायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "मी स्वतः हेच वापरतो." त्याच्या पायात मात्र रोज जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर. तेव्हाच मी ओळखलं की इथे जपून राहिलं पाहिजे.

तिथे एका संध्याकाळी प्रमोद आला. मूळचा सांगलीचा, इथे शिकायला आला आणि शिक्षण संपल्यावर ते रापातच एका कारखान्यात मशिनं सांभाळायला लागला. त्याच्याबरोबर काम करणारा हेमी त्याला एकदा हरणाच्या शिकारीला रानात घेऊन गेला होता. प्रमोद गेला साध्या पळायच्या बुटांत आणि परत आला तो फोड आलेल्या पायांनी. म्हणून आता त्याला भक्कम बूट हवे होते. महागातले परवडत नव्हते आणि स्वस्तातल्यांवर भरवसा नव्हता.

त्याची बूट बघायची तऱ्हा पाहून मी हबकलोच. घरून स्वतःचे जाड लोकरी मोजे आणलेले. संध्याकाळीच यायचा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणे, आणि माप त्याच वेळी खरं कळतं. कातडं वाकवून बघायचा, शिवणी बोटाने चाचपायचा, वास घ्यायचा. दुकानात एक लाकडी उतार होता, त्यावरून दाणदाण खाली उतरून बोटं पुढे आपटतात का ते पाहायचा. असं चार वेळा येऊन गेला. त्याची बायको सुलेखा कंटाळून स्टुलावर बसून राहायची.

"मला बघायला आला होतास तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालास," ती म्हणाली.

"तुझी वॉरंटी थोडीच मागायची होती," प्रमोद म्हणाला आणि पुन्हा उतारावर चढला.

शेवटी एक जोड त्याच्या पायात चपखल बसला. तो मी नव्हे, माझा जुळा भाऊ म्हणा, त्याच मापाचा. तेवढ्यात विक्रेत्याने सांगितलं की हे मॉडेल आता बंद होणार, म्हणून किंमत उतरवली आहे. प्रमोदचा चेहरा पडला. इतक्या शोधाने एक गोष्ट मनासारखी मिळावी आणि ती पुन्हा मिळू नये, हे त्याला सहन होईना. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "दोन जोड दे. एक वापरायला, एक ठेवणीत."

ठेवणीतला जोड म्हणजे मी. माझ्या खोक्याचं झाकण त्याने अर्धवट उचललं, आकडा वाचला आणि बंद केलं. पायात घालूनसुद्धा पाहिलं नाही. इतका चौकस माणूस आणि माझ्या बाबतीत एवढा बेफिकीर? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

त्यानंतरचं माझं आयुष्य अंधारात गेलं. २०१५ मध्ये प्रमोदने नोकरी बदलली आणि ही मंडळी ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या भागात नव्या घरात राहायला आली. ऑकलंडची हवा दमट. कपाटातल्या पट्ट्याला, पर्सला हिरवी बुरशी यायला लागली तसा प्रमोद माझ्यासाठी घाबरला. त्याने मला गॅरेजमधून उचललं आणि हॉट वॉटर कबर्डमध्ये ठेवलं. घरातलं गरम पाण्याचं मोठं सिलिंडर असतं ना, ते ज्या कपाटात असतं त्यात, टॉवेलांच्या वर. तिथे बारा महिने ऊब. "इथे अगदी कोरडे राहतील," तो सुलेखाला म्हणाला, आणि खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्याही टाकल्या. माझी एवढी काळजी कोणी का घ्यावी, हेच मला कळेना. काहीतरी डाव असल्याशिवाय कोण कोणाला इतकं जपतं?

दरवर्षी एप्रिलमध्ये, हरणांचे नर ओरडायला लागतात त्या दिवसांत, हेमीचा फोन यायचा आणि माझा भाऊ रानात जायचा. परत आला की दाराबाहेर चिखलाचा वास सुटायचा. मग प्रमोद त्याला ब्रशने घासायचा, मेण चोळायचा, मायेने. दोनदा त्याचा सोल झिजला, दोनदा मोच्याकडून नवीन बसवून आणला. मी आत ऐकत असे. हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा व्हायचा, पाहुणे यायचे, माझ्या भावाचं कौतुक व्हायचं. "इतक्या वर्षांत एकदाही दगा दिला नाही," असं प्रमोद सांगायचा. मला वाटायचं, हे मला ऐकवण्यासाठीच चाललंय.

दसऱ्याला त्या घरात लॅपटॉपला, गाडीला, पान्यांच्या पेटीलासुद्धा झेंडूचं फूल मिळायचं. बुटांना नाही. ते एक समजू शकतो. पण त्यांची मुलगी इरावती एकदा टॉवेल काढताना माझं खोकं बघून म्हणाली, "डॅड, जस्ट वेअर देम. दे आर हीप्स नायसर." म्हणजे हेच घाला, हे कितीतरी छान आहेत.

"नवे आहेत गं. कशाला खराब करायचे? लागतील तेव्हा काढू," प्रमोद म्हणाला.

लागतील तेव्हा. हे तेव्हा कधी उजाडतं, याची मी खोक्यात पडून वाट पाहत राहिलो.

उजाडलं ते २०१९ च्या एप्रिलमध्ये. सुलेखाचा धाकटा भाऊ शार्दूल नुकताच पुण्याहून इथे नोकरीला आला होता आणि त्यांच्याकडेच राहत होता. त्यालाही शिकारीला न्यायचं ठरलं. सुलेखाच्या जिवाला घोर लागला. घरच्यांनी त्याला तिच्या भरवशावर पाठवलेला.

"तुझे ते जुने बूट त्याला देऊ नकोस," ती प्रमोदला म्हणाली. "दोनदा सोल बदललेत त्यांचे. कधी सुटतील सांगता येत नाही. नवा जोड आहे तो दे. माप एकच आहे तुमचं."

ठेवणीतला जोड काढायचा म्हणजे प्रमोदच्या जिवावर आलं असणार. पण मग तो स्वतःच उठला आणि मला बाहेर काढलं. डोळे दिपले माझे. शार्दूलने पाय घातला. तरुण, मऊ, डोंगर न पाहिलेला पाय. मला तो पसंत पडला नाही. हा मला पुण्याला घेऊन जाणार आणि तिथल्या कपाटात टाकणार, अशी माझी खात्रीच झाली.

काइमानावाच्या डोंगरात गाडी लावली तिथे हेमी आधीच येऊन थांबला होता. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्याने शार्दूलला मिठी मारली आणि माझ्याकडे बघितलं. "ब्रँड न्यू, ए? फोड येतील, ब्रो."

"नवे पण आहेत आणि जुने पण," प्रमोद हसून म्हणाला. "सात वर्षं जपलेत."

हेमीने नुसती पिशवी पाठीवर टाकली. मला त्याचाही संशय आला.

पहिला दिवस छान गेला, हे कबूल करायला हवं. माती, शेवाळ, गार पाणी, दगड. ज्यासाठी जन्म घेतला ते सगळं एका दिवसात. रात्री मुक्कामाच्या झोपडीच्या ओसरीवर भाऊ आणि मी शेजारी शेजारी वाळत होतो. तो दमून पडला होता. मी त्याच्या सुरकुत्या मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, उद्या बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेमीने एक नर पाडला. मटण पाठीवर बांधून तिघे परत निघाले. वाटेत नदी तीनदा ओलांडायची होती आणि डोंगरमाथ्यावर काळं भरून आलं होतं. वर पाऊस पडला की नदी तासाभरात चढते, मग पलीकडे जाता येत नाही, हे हेमीने दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं.

उतरणीवर मला पोटात काहीतरी खचल्यासारखं वाटलं. आधी वाटलं, दगड टोचला. मग वाटलं, पोराला चालता येत नाही. मग उजव्याचं कारस्थान असावं असंही वाटलं. शार्दूलने पाऊल टाकलं आणि माझी टाच लोंबायला लागली. सोल आणि कातड्यामधला तो मऊ थर ओल्या बिस्किटासारखा भुगा होऊन गळत होता. पुढच्या वळणापर्यंत उजव्याचीही तीच गत झाली. सोल मागेच राहिले. खाली उरलं ते गुळगुळीत, ओल्या दगडावर घसरणारं.

शार्दूल दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा कड्याच्या काठाशी होता, हेमीने पाठीवरच्या पिशवीला धरून ओढला म्हणून वाचला. खाली नदीचा आवाज बदलला होता.

प्रमोद एका ओंडक्यावर बसला आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"दाजी, काय करताय?" शार्दूल म्हणाला.

"हे घाल."

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे. घाल लवकर, वाद घालू नकोस. तुझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय मला."

आणि मग प्रमोदने मला पायात घातलं.

मी काय सांगू? दुकानात त्याने मला घालून पाहिलं नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही. ज्या पायासाठी मला निवडलं, तो पाय माझ्यात पहिल्यांदा आला तेव्हा मला तळ उरला नव्हता. पण तो बसला हो. टाच टाचेत, बोटं बोटांच्या जागी, कुठे सैल नाही, कुठे आवळलं नाही. मला रडू आलं असतं, पण मी बूट आहे.

हेमीने मला त्याच्या पायाला दोरीने आणि चिकटपट्टीने करकचून बांधलं. मग नदीशी आल्यावर पाठीवरचं मटण काढून काठावरच सोडून दिलं. हेमीला मी पहिल्यांदाच मान दिला. तिघांनी एकमेकांच्या पिशव्यांचे पट्टे धरले, हेमी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, मध्ये प्रमोद, आणि पाण्यात उतरले. दोन वेळा नदी पार झाली. तिसऱ्या वेळी पाणी मांड्यांवर आलं होतं. मी एका दगडावर टेकलो आणि निसटलो. मी धरायचा प्रयत्न केला, पण धरायला काही नव्हतंच माझ्याकडे. प्रमोदचा घोटा दोन दगडांत पिळवटला. ते दोघे त्याला तसंच ओढत काठाला घेऊन आले.

घरी सुलेखाने दार उघडलं. शार्दूल तिच्या समोर उभा, जुन्या बुटांत, धडधाकट. मागे हेमीच्या खांद्यावर हात टाकलेला प्रमोद. हॉस्पिटलने पायाला प्लास्टर घातलं होतं, आणि मी हेमीच्या हातात, दोरीसकट. तिने आधी भावाचे पाय पाहिले, मग नवऱ्याचे. मग खाली बसून तिने माझी दोरी सोडवली. "मीच म्हणाले होते, नवे दे," एवढंच म्हणाली.

प्रमोदने दुकानाला फोन केला, रागारागाने. एकदाही वापरले नव्हते, म्हणाला. पलीकडून कोणीतरी शांतपणे समजावलं की हा थर वयाने कुजतो, उबेत लवकर कुजतो, आणि वापरात असलेले बूट बरेचदा जास्त टिकतात. प्रमोदने फोन ठेवला आणि हॉट वॉटर कबर्डकडे पाहत बसला. मी सगळ्या घरावर संशय घेतला होता, आणि त्या घरात माझ्यावर मायेशिवाय कोणी काही केलं नव्हतं. मायेनेच मी सडलो.

घोटा पुरता बरा होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. चालता येईल, डोंगर नाही. काल शार्दूलने माझ्या भावाला घासून, मेण चोळून प्रमोदसमोर आणून ठेवलं.

"तूच घे," प्रमोद म्हणाला. "पण ठेवून नको देऊस. घाल. दुधाला जाताना घाल, कोपऱ्यावरच्या डेअरीत ब्रेड आणायला जाताना घाल, हेमीबरोबर जा."

मी आत्ता गॅरेजमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी आहे. उद्या गाडी येईल. जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरातही एखाद्या चांगल्या दिवसासाठी जपून ठेवलेलं काही असेल. झाकण उघडा, बाहेर काढा, मळवा, झिजवा. बूट दोनदा सोल बदललेला असेल तर त्याला घाबरू नका. संशय घ्यायचाच तर कधीच न वापरलेल्याचा घ्या.

माझं म्हणाल तर मला अजून सगळ्यांचाच संशय येतो. उद्याच्या गाडीवाल्याचा येतो, या उजव्याचा तर येतोच. पण त्या दुपारी नदीच्या पाण्यात एक पाय माझ्यात होता, आणि तो माझाच होता. त्याबद्दल मला कसलाही संशय नाही.