सोलरच्या सांगाड्याला मजले किती?

मी सांगाडा बोलतोय. सोलरच्या प्लेटा ज्याच्यावर बसवतात, तो लोखंडी सांगाडा. लोक प्लेटांचं कौतुक करतात, खालच्या लोखंडाकडे कुणी बघत नाही. नका बघू. पण आज ऐकून घ्या.

माझं लोखंड जुनं आहे. आधी मी रहिमतपूरच्या बाजारात एका भुसार दुकानाचं छप्पर पेलत होतो. वावटळी आल्या, गारा पडल्या, मी हललो नाही. दुकान पाडलं तेव्हा लालासाहेबांनी मला उचललं. "आताचं लोखंड निस्तं कागदागत हाय," ते म्हणाले. "ह्ये बघा." आणि त्यांनी माझ्यावर मूठ आपटली. माणसाला पारख होती.

लालासाहेब फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांचा मुलगा विश्वजीतही फौजेत, दूर सीमेवर. घरी सून दीपमाला, आणि परसात तिचं मिरची कांडप. उन्हाळा लागला की आसपासच्या बाया वर्षाची चटणी कुटायला तिच्याकडे येतात. पण ऐन उन्हाळ्यात दिवसाची वीज जाते. गेल्या साली निम्म्या बाया डबे उचलून पलीकडच्या गावच्या कांडपावर गेल्या.

"मामा, बाई एकदा दुसऱ्या दारात गेली की माघारी येत न्हाई," दीपमाला सासऱ्यांना म्हणाली. "औंदा बी असंच झालं तर मशीन इकावं लागंल."

"इकायचं न्हाई. सोलर बसवू."

घराचं छप्पर कौलाचं, त्याला प्लेटांचं ओझं झेपणार नव्हतं. म्हणून परसातल्या जमिनीवर बसवायचं ठरलं. धुळा वेल्डरनं मला कापलं, जोडलं, रंगवलं.

"आबा, खड्डं घिऊ आन् खांब मातीत गाडू," धुळा म्हणाला. "दुपारपातूर काम मोकळं."

"मातीत पाय गाडून उभा ऱ्हायला ह्यो काय लग्नाचा मांडव हाय व्हय रं? चौथरा बांधायचा. दगडी."

इकडच्या फौजी गावांत मानाची वस्तू चौथऱ्यावर उभी राहते. तुळस चौथऱ्यावर, झेंडा चौथऱ्यावर, शहीद जवानाचा पुतळा चौथऱ्यावर. लालासाहेबांनी घडीव दगड आणले, नारळ फोडला, गूळखोबरं वाटलं. मी चौथऱ्यावर चढलो तेव्हा मलाही बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मान दिला होता.

त्या मानानंच घात केला.

सोलरच्या तपासणीला एक माणूस आला. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, चौथऱ्याला एक फेरी मारली. "काका, हे पक्कं बांधकाम झालं. खांब नुसते मातीत असते तर मी काही बोललो नसतो. आता बांधकाम परवाना आणा. तोवर या जागेवर प्लेटा लावायच्या नाहीत."

प्लेटा गोठ्यात गेल्या. मी रिकामा उभा राहिलो. माझ्यावर कावळे बसू लागले.

लालासाहेब इस्त्रीचे कपडे घालून, एसटीनं साताऱ्याला कचेरीत गेले. परत आले ते तावातावानं. माझ्या खांबाला टेकून त्यांनी धुळाला सगळं सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"मला इचारतंय, मजलं किती?"

"कशाचं?"

"ह्याचं! म्हणलं सायेब, ह्यो सांगाडा हाय, ह्यात कुणी ऱ्हात न्हाई. तर म्हनतंय, रकाना मोकळा सोडता येत न्हाई, शून्य लिवलं तर संगणक घेत न्हाई. मग एक लिवला. तर म्हनतंय, आता शौचालय कुटं दावू?"

"मग तुमी काय म्हनला?"

"म्हणलं, कोन बसनार हाय तितं? सूर्यनारायण?"

धुळा हसून हसून खाली बसला. लालासाहेब हसले नाहीत. मीही नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं छप्पर पेललं, आणि उतारवयात मला एक मजला चिकटला.

मग मजला आहे म्हणून नकाशा मागितला. नकाशा आहे म्हणून जमिनीची मोजणी मागितली. मोजणीवाला आला त्या दिवशी त्याचं यंत्र बिघडलेलं होतं. तोवर उन्हाळा आला, मिरच्या वाळल्या. परसात डब्यांची रांग लागली आणि वीज गेली.

"मामा, चौथरा फोडा," दीपमाला म्हणाली.

"मानानं बांधलाय. फोडायचा न्हाई."

"मान कुटून चटणी व्हत न्हाई, मामा!"

एवढ्यात बनुबाई उठल्या. दीपमालाचं कांडप सुरू झालं तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक त्या. "दीपे, मी तुझीच हाय गं. पर मिरची काय सायबाच्या सहीसाटी थांबती व्हय? आभाळ आलं तर बुरशी धरंल." त्यांनी डबा डोक्यावर घेतला आणि पलीकडच्या गावची वाट धरली. दीपमाला आत गेली. तिनं कांडपावर गोणपाट टाकलं.

लालासाहेबांनी ते बघितलं. त्यांनी मला खाली उतरवलं आणि पहार घेतली. चौथरा त्यांनी एकट्यानं फोडला, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन म्हणाले, "चौथरा गेला. आता परवाना नगं."

"असं कसं काका? अर्ज चौथऱ्याचा आहे. जागेवर चौथरा नसेल तर अर्ज खोटा ठरतो. आधी अर्ज रद्द करायचा अर्ज द्या. तो मंजूर होईपर्यंत त्या जागेवर काही उभं करायचं नाही."

घरी येऊन धुळाला हे सांगताना लालासाहेबांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. मग त्यांची नजर परसाच्या कडेला लावलेल्या घरच्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, ट्रॉली रिकामीच उभी.

"धुळ्या, जाग्यावर काय उभं करायचं न्हाई म्हंत्यात न्हवं? मग जमिनीला टेकवायचाच न्हाई. चढीव ह्येला ट्रॉलीत."

"आबा, ट्रॉलीचं मजलं किती लिवू?"

दीपमालाला हसू फुटलं. तिनं स्वतः गोणपाट ओढून काढलं.

आता मी ट्रॉलीत आहे. माझ्यावर प्लेटा आहेत, खाली कांडप धडधडतंय. आवाज ऐकून बाया येतात. काल बनुबाईही आल्या, जावेची मिरची घेऊन. काम होतंय, ते मी नाकारत नाही. पण वाऱ्याची झुळूक आली की चाकं हलतात, आणि त्यांच्याबरोबर मी हलतो. ही लाज मला सोसत नाही.

दिवाळीला ऊसतोड सुरू होईल, ट्रॉली उसाला लागेल. मला उतरवतील. कुठे उभं करतील, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. कचेरीत दोन्ही अर्ज पडून आहेत.

साहेब, मी घर नाही. माझ्यात कुणी चूल पेटवणार नाही, पाळणा बांधणार नाही. फार तर कोंबड्या सावलीला बसतील. मला परसात पायापुरती माती मोकळी करून द्या. उभं कसं राहायचं ते सांगू नका. ते मला येतं.