हवेत उभं राहण्याची सवय

दुपारी जेवण झालं की माझा नवरा लिंबिकानी चटईवर आडवा होतो आणि थोड्याच वेळात त्याचा डावा हात हळूहळू वर यायला लागतो. हेलिकॉप्टरात डाव्या हाताशी एक दांडा असतो, तो उचलला की यंत्र वर जातं. हा झोपेत तो दांडा उचलतो. मी शेजारी शेंगा सोलत बसलेली असते. हात फारच वर गेला की मी तो धरून खाली आणते आणि म्हणते, "उतर आता." तो डोळे न उघडता हसतो.

अठरा वर्षं त्याने फौजेचं हेलिकॉप्टर उडवलं. "कधी येशील?" या माझ्या प्रश्नाला त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. आधी सांगायची परवानगी नव्हती, पुढे सांगायची सवयच राहिली नाही. शिरे नदीच्या खोऱ्यात पूर आला की तो गेला, शेजारच्या देशात गोळीबार सुरू झाला की गेला. दोन्ही बाळंतपणं मी त्याच्याविना काढली. म्हणून त्याने फौज सोडली आणि राजधानी लिलाँग्वेहून सरोवरातल्या बेटांवर प्रवासी नेणाऱ्या एका लहानशा कंपनीत विमान शिकायला लागला, तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. वेळापत्रक असलेला नवरा! बाईला आणखी काय हवं?

पण त्याचा जीव विमानात रमेना.

"विमान थांबत नाही गं, एलुबी," तो म्हणायचा. "पुरात झाडावर माणूस बसलेला असतो, आपण बरोबर त्याच्या डोक्यावर उभे असतो. इतका आवाज, तरी सगळं जग गप्प वाटतं. विमान थांबलं की मेलंच."

"मग नको थांबू. इतकी वर्षं मी थांबले, आता तू चालायला लाग."

उडवायला तो शिकला, उतरवायलाही शिकला. घोडं अडलं ते तोंडापाशी. फौजेत मागे बसलेल्या शिपायांशी वैमानिक कशाला बोलेल? इथे मात्र प्रत्येकाला नमस्कार करा, पट्टे तपासा, हवा कशी आहे ते सांगा. लिंबिकानी मुक्याने विमान न्यायचा आणि मुक्याने आणायचा. मागे प्रवाशांचे प्राण कंठाशी. परीक्षा घेणाऱ्या गोंडवे मॅडमनी त्याला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा नापास झाला तर नोकरी गेली. आणि तिकडे त्याचा जुना सोबती काम्वेंडो फोनवर फोन करत होता, की काँगोत एका खासगी कंपनीला हेलिकॉप्टरवाले हवेत, पटकन ये. लिंबिकानी त्याला "बघतो" म्हणायचा. ते "बघतो" ऐकलं की मी भांडी आपटायला लागायची.

तिसरी परीक्षा नेमकी लिकोमा बेटाच्या फेरीवर आली, आणि त्याच फेरीने मी आईला घरी पोहोचवून काही दिवस तिच्यापाशी राहणार होते. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. इतके दिवस ती मावशीकडे राहत होती, कारण आमच्या घरी जावई. आमच्यात सासू-जावयांनी समोरासमोर यायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं ते तिसऱ्याच्या मार्फत. तीही त्याला अपोंगोझी म्हणते, तोही तिला अपोंगोझी. एकाच शब्दामागे दोघंही लपतात. सोळा वर्षांच्या संसारात आईने माझ्या नवऱ्याचा चेहरा धड पाहिलेला नव्हता.

छोट्या विमानात प्रवाशांचंही वजन करतात. आई काट्यावर चढली तेव्हा आमचे कॅप्टन पाठ फिरवून झाडं बघत उभे. "आकडा मोठ्याने वाचू नका," आईने काटेवाल्याला दम दिला. तिची जागा निघाली नेमकी वैमानिकाच्या पाठीमागे. पट्टा तपासायला लिंबिकानी वाकला, अवघडला, आणि माझ्याकडे बघत पुटपुटला, "अपोंगोझींना सांग, पट्टा आवळा." मी सांगितलं. मग धोक्याच्या वेळी काय करायचं ते सगळं त्याने माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हटलं.

"कॅप्टन," पुढच्या उजव्या खुर्चीतून गोंडवे मॅडम म्हणाल्या, "त्या बाईंच्या गुडघ्यांना सगळं समजलंय. आता बाकीच्यांनाही सांगा."

मागचा सुक्या मासळीचा व्यापारी फिदीफिदी हसला. लिंबिकानीचे कान तापलेले मला मागून दिसत होते. तो सरळ इंजिन सुरू करायला लागला. मी मनात म्हटलं, गेला हा काँगोला.

सरोवरावर आलो तेव्हा खाली पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळं एकाच फिक्या निळ्या रंगाचं. एक होडी दिसली, ती पाण्यात होती की हवेत, देव जाणे. विमान पुढे जात नसून कुणी तरी आम्हाला नुसतं धरून ठेवलंय असं वाटत होतं. आई काचेला नाक लावून बसली होती. तिचा नवा डोळा झरत होता आणि ती तो पुसायला तयार नव्हती.

मग बेटापाशी धूर दिसला. पाण्यातून उठलेले उंच, काळसर, डोलणारे खांब. तो धूर नव्हता, चिलटं होती. सरोवरातून कोट्यवधी चिलटं अशी एकदम उठतात. त्यातला एक खांब सरकत सरकत थेट धावपट्टीवर येऊन उभा राहिला.

विमान खाली निघालं होतं. इंजिनाचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला. गोंडवे मॅडमनी झटकन मान वळवली. मला कळलं, हा हेलिकॉप्टरासारखा हवेत थांबायला बघतोय. दुसऱ्याच क्षणी इंजिन ओरडलं, माझं पोट खाली राहिलं आणि आम्ही वर गेलो. मासळीवाला किंचाळला. कुणी तरी प्रार्थना म्हणायला लागलं. लिंबिकानीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"अपोंगोझी!"

आई बोलली होती. माझ्याशी नाही, सरळ त्याच्या मानेशी.

"तुमचं यंत्र हवेत उभं राहतं असं मी सोळा वर्षं ऐकतेय. मग करा की उभं!"

लिंबिकानीने मान वळवली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"ते यंत्र वेगळं, अपोंगोझी," तो म्हणाला. "हे उभं राहिलं तर पडेल. याला वाट बघायची असली की फिरत राहावं लागतं."

"किती वेळ?"

"वाऱ्याने चिलटं सरकेपर्यंत. तेल भरपूर आहे. घाबरू नका, मी आहे ना."

"घाबरलंय कोण? माझं घर दाखवा."

त्याने डावा पंख खाली झुकवला आणि आम्ही फिरायला लागलो. आणि माझा मुका नवरा बोलायला लागला. वारा कुठून येतोय, चर्च कुठे आहे, चिलटं काचेवर आपटली तर कसला आवाज होईल, सगळं. आईने घर ओळखलं. "पत्रा गंजलाय! तुझ्या भावाने एका शब्दाने सांगितलं नाही." मग मासळीवाल्यालाही त्याचं घर बघायचं होतं. लिंबिकानीने तेही दाखवलं. खाली पोरं टोपल्या घेऊन चिलटं धरायला पळत होती. आज घरोघरी त्यांच्या वड्या होणार होत्या. आम्ही फिरत राहिलो, ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात राहिलं, आणि मला वाटलं, उतरलोच नाही तरी काय बिघडणार आहे. इतकी शांत मी कित्येक वर्षांत नव्हते.

चिलटं सरकली. आम्ही उतरलो.

"पास," गोंडवे मॅडम पट्टा सोडत म्हणाल्या. "पण उद्यापासून थोडं कमी बोला."

शिडीशी लिंबिकानी प्रत्येकाला हात देत होता. आई दारात आली, तिने अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंजे कापडाचं टोक तोंडावर ओढलं, मग सोडून दिलं आणि त्याचा हात धरला.

"रीत मोडली. आता दंडाची कोंबडी कोण देणार, अपोंगोझी?"

"मी देतो, अपोंगोझी. दुसऱ्या डोळ्यासाठी कधी यायचंय?"

"पाऊस संपला की."

"मग पाऊस संपल्यावर पहिल्या मंगळवारी, सकाळी दहाला. मी येईन न्यायला."

मी पिशव्या घेऊन शिडीवरच उभी राहिले. वार आणि वेळ. ज्यासाठी मी अख्खा संसार वाट पाहिली ते त्याने माझ्या आईला असं सहज देऊन टाकलं होतं. मला रडू फुटलं. त्याला विचारायला माझी जीभच उचलेना.

"आई," मी म्हटलं, "त्यांना विचार, मला न्यायला कधी येणार?"

आईने विचारलं.

"शुक्रवारी," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "अकराला."

आणि शुक्रवारी तो आला.