दहाव्या नटावरची रेघ

मी एक जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. पण मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द मी मान खाली घालून उच्चारत नाही. माझा लाल रंग उन्हाने विटला आहे, सीटवर पोत्याचा तुकडा बांधला आहे आणि उजवा दिवा गेली कित्येक वर्षे आकाशाकडे बघतो. तरी सकाळी पहिल्याच झटक्याला मी धडधडत उठतो. शेजारच्या शेतातला नवा चकचकीत गडी अजून खाकरत असतो, तेव्हा माझे अर्धे शेत नांगरून झालेले असते.

मालकांनी मला कारखान्यातून घरी आणले, तेव्हा मालकीणबाईंनी आधी ओल्या फडक्याने माझे नाक, म्हणजे पुढची जाळी, स्वच्छ पुसली. तेव्हापासून मी नांगर ओढला, ट्रॉली ओढली, विहिरीचा पंप चालवला. एकदा धान्याने भरलेला ट्रक चिखलात रुतला होता. वीस माणसे ढकलून थकली. मी साखळी लावून तो एका दमात बाहेर काढला! त्या दिवशीचे कौतुक मला आजही डिझेलपेक्षा जास्त पुरते.

माझी देखभाल कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमधले मिस्त्री करत. मालकांचे ते जुने मित्र. त्यांची एक खोड होती. नट आवळून झाला की ते बारीक ब्रशाने पिवळी रेघ ओढत, अर्धी नटावर आणि अर्धी इंजिनावर. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळते. माझ्या इंजिनावरचे जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते दहा नटांनी बसवलेले आहे. दहा नट, दहा रेघा. मी त्या मोठ्या ऐटीत मिरवत असे.

चार वर्षांपूर्वी ऐन नांगरणीत हेडखालून पाणी झिरपू लागले. मिस्त्री लांबच्या कामावर गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. मालकांना दम निघेना. त्यांनी स्वतःच हेड उघडले, आतल्या फाटक्या गॅसकेटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ पत्रीला, रंग फासून तेच परत बसवले आणि नट आवळायला पान्याला हातभर पाईप लावला. नऊ नट बसले. दहाव्याला एवढा जोर लावला की बोल्ट आतच कटकन तुटला. मी कळवळलो. मालक घामाघूम झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, तुटक्या बोल्टाच्या जागी नुसता नट ठेवला, खाली लांबी, म्हणजे भोके बुजवायचा लगदा, भरली आणि वरून करडा रंग मारला. दुरून बघणाऱ्याला दहाच्या दहा नट दिसत.

पंधरा दिवसांत मी भररस्त्यात उकळलो. लोक जमले. “इंजिन कुणी उघडलं होतं हो?” कुणीतरी विचारले.

“मिस्त्रीने,” मालकांच्या तोंडून निघून गेले.

एकच शब्द, पण तो माझ्याहून वेगाने पळाला. मिस्त्रींच्या शेडकडे येणारी वाहने कमी झाली. ते विचारायला आले, तर मालक भेटलेच नाहीत. पुढे मिस्त्रींची नजर अधू झाली आणि त्यांची लेक काम पाहू लागली, पण लोक तिलाही टाळत. मला सगळे ठाऊक होते. पण मला बोलता कुठे येते? मला फक्त धडधडता येते.

मी वरचेवर उकळत राहिलो आणि या वर्षी बंदच पडलो. मी टेम्पोत मावेन का, हे मोजायला भंगारवाला टेप घेऊन आला. तेव्हा मालकीणबाई अंगणात आल्या.

“न्यायचा तर न्या, पण आधी मिस्त्रीची लेक बघेल. मी बोलावलंय तिला.”

“तिला कशाला?” मालक म्हणाले. “तिच्या बापानेच तर...”

“म्हणूनच. त्याच्याच घरच्या माणसाला सांगू दे काय बिघडलंय ते.”

लेक आली. तिने डिझेलच्या बोळ्याने माझ्यावरचा चार वर्षांचा मळ पुसला. पिवळ्या रेघा दिसू लागल्या. नऊच्या नऊ तुटलेल्या.

“काका, बाबांनंतर हे कुणी उघडलं?”

तिने दहाव्या नटाला पाना लावला, तर तो न फिरवताच तिच्या तळहातावर पडला. खाली वाळलेली लांबी होती.

“चार वर्षं बाबा रोज विचारतात, माझं कुठे चुकलं?” तिने तळहात मालकांपुढे धरला. “हा नट बाबांचा नाही.”

बोला मालक, बोला! मी मनातल्या मनात ओरडत होतो.

“माझा आहे,” मालक म्हणाले. “मीच केलं, आणि नाव त्याचं घेतलं.”

मालकीणबाईंनी दाराकडे बोट केले. “चपला घाला. त्याला घेऊन या. आणि भंगारवाले, तुम्ही थांबा. तुम्हीही ऐका, आणि जाल तिथे सांगा.”

मालक मिस्त्रींना हाताला धरून घेऊन आले आणि तोवर जमलेल्या शेजाऱ्यांसमोर पुन्हा बोलले. मिस्त्रींनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला.

“पाईप लावून आवळलास?” ते म्हणाले. “अरे, ट्रॅक्टर आहे तो, लोणच्याची बरणी नाही!”

मालकांना हसूही आले आणि रडूही.

लेकीने तुटका बोल्ट काढला, नवे गॅसकेट घातले आणि मधल्या नटांपासून सुरुवात करून थोडे थोडे, सगळे सारखे आवळले. मग नऊ रेघा ओढल्या. दहाव्या वेळी मिस्त्रींनी ब्रश मागून घेतला आणि मालकांच्या हातात दिला.

“ही तू ओढ. म्हणजे पुन्हा उघडलंस, तर तुझीच रेघ तुटेल.”

मालकांनी ब्रश घट्ट धरून रेघ ओढली. भंगारवाला टेप गुंडाळून निघून गेला, आणि मी पहिल्याच झटक्याला सुरू झालो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांनाही तेल द्या, पुसा, वेळेवर उघडून बघा. हातून काही मोडले तर सांगून टाका. आम्ही दुरुस्त होतो. मात्र वरून रंग मारू नका. माझ्या नऊ रेघा सरळ आहेत आणि दहावी वाकडी. कुणी पाहायला आले की मी ती वाकडीच आधी दाखवतो.