माशांचं औषध

"अहो, हे माझं दुधाचं पातेलं आहे!"

"घासलं की पुन्हा दुधाचं होईल."

"शिजवलंत काय यात?"

"काळीज, गळाला लावायला. पण ताजं नाही, चार दिवसांचं."

"ते सांगायला नको, सगळ्या आळीला कळलंय!"

सकाळी सकाळी नावाड्याच्या अंगणात हे असं चाललं होतं. मी शेजारचा शिंपी. माझ्या मशीनची खिडकी त्यांच्या अंगणात उघडते, त्यामुळे त्यांचं भांडण मला नको म्हटलं तरी ऐकावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मी कधी नको म्हटलं नाही. वहिनीनं पातेलं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं आणि जाता जाता मलाही ऐकवलं, "भावजी, दात काय काढताय? समजवा तुमच्या मित्राला."

मित्राला काय समजावणार! तळ्यावर पूल झाल्यापासून त्याची नाव काठावर उपडी पडली होती. वीस वर्षं माणसं या काठावरून त्या काठावर नेली, आणि आता तीच माणसं पुलावरून जाताना हात हलवायची. तोही हलवायचा. त्यानंतर घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. वहिनीला ते बसणं बघवत नसे.

अशात तळ्याच्या ठेकेदारानं एक गोष्ट जाहीर केली. तळ्यात एक शिकारी मासा माजला होता. कुणीतरी हौसेनं बाहेरून आणून सोडलेली ती मोठ्या तोंडाची जात, आणि त्यातला हा सगळ्यांत थोराड. आम्ही त्याला बोका म्हणायचो. ठेकेदार दर साली माशांची पिल्लं सोडायचा आणि बोका त्यांवर ताव मारायचा. ठेकेदार म्हणाला, "शनिवारी नवी पिल्लं येतायत. त्याआधी जो बोक्याला बाहेर काढील, त्याला तळ्याचा राखणदार ठेवतो. काठावरची खोलीही देतो." नावाड्याला त्या दिवसापासून झोप नव्हती. पुन्हा पाण्याजवळ राहायला मिळणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण गिरणीवालाही गळ घेऊन बसला होता, आणि त्याच्याकडं वासाची महागडी बाटली होती.

"सगळी गंमत वासाची आहे रे," नावाडी मला म्हणाला. "हा रबरी मासा बघ. बोका येतो, तोंडात घेतो आणि थू करून टाकतो. रबराचा वास, माझ्या हाताच्या तंबाखूचा वास. गोडसर, झणझणीत काहीतरी लावलं तर तो क्षणभर धरून ठेवील. मला तेवढा क्षण बस्स झाला."

"मग घे की गिरणीवाल्यासारखी बाटली."

"तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा होतो. तू बुधवारी दोरे आणायला मोठ्या गावात जातोस ना? स्वस्तातलं बघ एखादं. माशांचं औषध म्हण, देतील."

औषध! आमच्याकडं सगळ्यालाच औषध म्हणतात. खोकल्याचं औषध, पिकावरचं औषध, ढेकणांचं औषध. जे बाटलीतून किंवा पुडीतून येतं आणि ज्याचं नाव आपल्याला घेता येत नाही, ते औषध.

गळाच्या दुकानातला माणूस भला होता, पण बोलायचा मास्तरासारखा. त्यानं तीन बाटल्या मांडल्या. "ही लसणाची, ही कोळंबीची. दोन्ही तेलातल्या आहेत, टिकतील. ही तिसरी सगळ्यांत स्वस्त, पण पाण्यातली आहे, दोनदा गळ टाकला की धुऊन जाते. तुम्ही लसणाची घ्या. महाग नाही." महाग नव्हतीच. पण मला वाटलं, आपण शिंपी, कापड घेताना चार दुकानं हिंडतो, मग इथं पहिल्याच दुकानात मान का डोलवायची? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. त्या दिवशी मी बाहेर पडलो आणि समोरच्या बी-बियाण्यांच्या दुकानात शिरलो.

तिथं गर्दी ही एवढी. मी खांद्यांवरून ओरडलो, "माशांचं औषध आहे का? स्वस्तातलं?"

"आहे की! सुट्टं देऊ?"

"वासाला कसं आहे?"

"गोड. वासावर लांबून लांबून येतात."

"आणि खातात का?"

"एकदा तोंड लावलं की परत जात नाहीत बघा," दुकानदार हसला. "साखरेच्या पाकात कालवा. जिथं जास्त असतील तिथं ठेवा. आणि हात धुवा बरं का."

पिवळसर दाण्यांची पुडी घेतली, आणि किंमत ऐकून तर मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मासा आणि माशी! लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो, पण गर्दीत ओरडताना तेवढाही पडत नाही. तो माश्यांचं देत होता, मी माशांचं घेत होतो, आणि दोघंही खूश होतो.

गुरुवारी सकाळी आम्ही काठावर बसलो. आभाळ गच्च, वारा नाही, पाणी शिशासारखं जड. एरवी काठावर बेडूक तरी असतात, त्या दिवशी तेही गप्प होते. नावाड्यानं डब्यात पाक केला होता. वास खरंच छान येत होता. झाकणावर पाच-सात माश्या उताण्या पडल्या होत्या.

"बघ," मी म्हणालो, "माश्यांनासुद्धा आवडलंय. खाऊन खाऊन मेल्या."

तो हसला. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आता त्याची पद्धत सांगतो. गाठ मारली की तो ती तोंडात धरून ओली करायचा आणि मग आवळायचा. कोरडी गाठ आवळली तर दोरा जळतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. मीसुद्धा सुईत ओवताना दोरा ओला करतो. त्यानं रबरी माशाला बोटानं औषध चोपडलं, त्याच बोटांनी गाठ मारली आणि गाठ ओठांत धरली. गळ टाकला. ओढून घेतला. पुन्हा चोपडलं, दर वेळी नवी गाठ हवीच म्हणून पुन्हा गाठ, पुन्हा ओठ. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी पाण्याकडं बघत होतो.

"जीभ बधिर झाल्यासारखी वाटतेय रे," तो म्हणाला.

"तंबाखू कमी कर."

थोड्या वेळानं त्याला घाम सुटला. उन्हाचा पत्ता नव्हता, आणि याचा सदरा पाठीला चिकटला. तोंडात पाणी सुटत होतं, तो सारखा थुंकत होता. "उठतोस का? घरी जाऊ," मी म्हणालो. त्यानं मानेनंच नाही म्हटलं, कारण तेवढ्यात लव्हाळ्यापाशी पाणी फुगलं.

बोका आला होता. त्यानं आमिष तोंडात घेतलं आणि धरून ठेवलं. नावाड्यानं झटका दिला, काठी कमानीसारखी वाकली. पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. त्याचे हात थरथरत होते आणि मला वाटत होतं, आनंदानं थरथरतायत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही मला आनंदाचंच वाटलं. बोका काठाला लागला तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरून त्याला कवेत धरलं आणि ओरडलो, "झालास रे राखणदार!"

मागं वळून बघितलं तर नावाडी चिखलात आडवा, तोंडाला फेस, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या.

टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. वहिनी अनवाणी धावत आली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"औषध," मी म्हणालो.

"औषध घेतलं?"

"हो. म्हणजे मी घेतलं, दुकानातून, माशांचं..."

त्यांनी माझं पुढचं ऐकलंच नाही. सुया टोचायला सुरुवात झाली, आणि झाली म्हणूनच तो जगला. पण दारात टेम्पोवाला उभा होता. तो परत गावात गेला आणि आमच्या आधी बातमी पोचली. नावाड्यानं औषध घेतलं. आमच्याकडं या वाक्याचा एकच अर्थ होतो, आणि तो कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार दवाखान्याच्या ओसरीवर आला. हातात फळांची पिशवी होती, आणि आवाज एकदम मऊ. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. गळाचं दुकान, बियाण्यांचं दुकान, मासा, माशी, गाठ, ओठ. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मासा त्यानंच काढला," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही मी. पण स्वतःच्याच जिवावर उठलेल्या माणसाला पाण्याकाठी एकटा कसा ठेवू? उद्या काही झालं तर मलाच धरतील."

"अहो पण चुकून झालं! चूक माझी आहे!"

"शिंपीदादा," त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "घरचे सगळे असंच सांगतात. सांगावंच लागतं."

राखण गिरणीवाल्याला मिळाली. मी चौकात सांगितलं, दुकानात सांगितलं, मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितक्या जास्त दयेनं लोक मान हलवायचे. मित्र असावा तर असा, म्हणायचे. माझ्या अंगाचा नुसता भडका व्हायचा.

पण खरा घाव वेगळाच बसला. त्याला घरी न्यायच्या दिवशी वहिनीनं मला दवाखान्याच्या नळापाशी गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "भावजी, मला तरी खरं सांगा. भिंतीकडं तोंड करून बसायचे ते. काही बोलले होते का तुमच्याजवळ?"

"वहिनी, देवाशप्पथ, मासा आणि माशी..."

"असू दे," ती म्हणाली. "नका सांगू."

टेम्पो पुलावर चढला. दोन्ही बाजूंना तळं पसरलेलं. नावाडी कठड्याकडच्या बाजूला बसला होता, मान वळवून पाणी बघत होता. घसा सुजलेला, अजून बोलता येत नव्हतं. वहिनी जागेवरून उठली आणि त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन बसली. त्याचं मनगट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी नजर पाण्याकडं वळवली, तेव्हा त्यानं मान खाली घातली. पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तेही बघितलं.