दोघींचा कॉमा

उद्घाटनाला अजून बराच अवकाश होता, पण शाहूपुरीतली ती गल्ली पूर्णिमाच्या आवाजानं सकाळीच जागी झाली होती. हार आले का, नारळ कुठं ठेवलाय, स्कूटरीवर धूळ कशी दिसते, असं तिचं एकसारखं चाललं होतं. गाळा लहानसाच होता. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर टांगलेली हेल्मेटं. बाहेर दोन स्कूटरी, हळदीकुंकू लावून उभ्या.

पूर्णिमा आणि तेजस्वी या कागलजवळच्या एका गावातल्या बहिणी. पूर्णिमा शाळेत असताना वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, लुनाला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या बांधून डेअरीला जायची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा शेजारणीला तिनं सहज स्कूटर शिकवली. शेजारणीनं नणंदेला पाठवलं, नणंदेनं मैत्रिणीला. बघता बघता अर्ध्या गल्लीतल्या बायका पूर्णिमाच्या हाताखालून गेल्या. तेजस्वी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात होती. तिनंच एक दिवस विषय काढला.

"आक्का, तू हे सगळं फुकट करतीस. शाळाच काढूया की आपण. बायकांनी बायकांना शिकवायची."

तेजस्वीनं नोकरी सोडली, गाळा बघितला, बँकेत खातं काढलं, परवानग्या आणल्या. बोर्डही तिनंच ठरवला. कॉलेजच्या पोरी आणि ऑफिसातल्या बायका येणार, तर नाव इंग्रजीत पाहिजे, असं तिचं म्हणणं. बोर्डवाला ज्ञानू सकाळी येऊन बोर्ड चढवून गेला होता आणि हिशेबाचं बोलायला पुन्हा आला होता. त्यानं वरचं कापड ओढलं आणि पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं झळकली: SISTER'S SCOOTER SCHOOL.

"नाद खुळा," पूर्णिमा म्हणाली. तिनं पटापट फोटो काढून सगळ्या पैपाहुण्यांना पाठवले. आण्णा फेटा सावरत रस्त्याच्या पलीकडं जाऊन बोर्ड बघून आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण अक्षरं सरळ रेषेत आहेत, एवढं त्यांनी मान डोलावून मान्य केलं.

तेवढ्यात शाळेची पहिली विद्यार्थिनी रिक्षातून उतरली. प्रियदर्शनी मॅडम. कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. पन्नाशीला आल्या तरी गाडीचं हँडल म्हणून कधी धरलं नव्हतं. आता नवं कोरं हेल्मेट त्यांनी लहान मुलीसारखं छातीशी धरलं होतं.

"मला रात्री झोपच आली नाही," त्या हसत म्हणाल्या आणि त्यांचं लक्ष बोर्डकडं गेलं. "छान झालाय. पण शाळा दोघींची आहे ना?"

"दोघींचीच की," पूर्णिमा म्हणाली. "का ओ मॅडम?"

"काही नाही, तो वरचा कॉमा... अपॉस्ट्रॉफी. तो एसच्या आधी आलाय. त्याचा अर्थ होतो, बहिणीची शाळा. एका बहिणीची. दोघींची असेल तर तो एसच्या नंतर यायला हवा. राहू द्या, सगळे असंच लिहितात."

मॅडमनी सहज सांगितलं होतं. पण पूर्णिमाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. खातं तेजस्वीच्या नावावर. परवाना तेजस्वीच्या नावावर. परवा फोनवर ती कुणाला तरी म्हणाली होती, "माझ्या शाळेचं उद्घाटन हाय." तेव्हा पूर्णिमानं कानाआड केलं होतं. आता तेच लाल अक्षरांत डोक्यावर टांगलेलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याचे फोटो गावभर पाठवले होते.

"तेजू, हिकडं ये," तिनं हाक मारली. "हे मुद्दाम केलंयस?"

"काय मुद्दाम?"

"तो कॉमा. एकीची शाळा म्हणून लिवलंयस तू. कुठल्या एकीची?"

तेजस्वीनं वर बघितलं, मॅडमकडं बघितलं, पुन्हा वर बघितलं. तिला आधी काही उमगलंच नाही. मॅडमनी पुन्हा समजावलं, या वेळी जरा कसनुशा होऊन.

"मला खरंच ठावं न्हवतं आक्का," तेजस्वी म्हणाली. "दुकानांच्या बोर्डवर एसच्या आधी कॉमा असतोय, म्हणून मी बी टाकला. एवढंच."

"आणि फोनवर माझी शाळा म्हणतीस ते?"

तेजस्वी हळूच म्हणाली, "फाउंड्रीतल्या मैत्रिणीला सांगत होतो. नोकरी सोडली म्हणून सगळी हसत होती मला. जरा मोठेपणा दाखवला. तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं."

"एवढ्याशा टिकलीपायी सकाळच्या पारी भांडताय व्हय?" आण्णा मध्ये पडले. "पावणं येतील आता."

"टिकली न्हाय आण्णा ती," तेजस्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "ज्ञानूमामा, शिडी लावा. तो कॉमा हलवायचा."

ज्ञानू हबकला. अक्षरं चिकटवलेली होती. कॉमा काढला तर मध्ये जागा मोकळी दिसणार. मॅडम म्हणाल्या, कॉमा नुसता काढून टाकला तरी चालेल, नाव म्हणून खपून जातं.

"न्हाय, काढायचा न्हाई," पूर्णिमा म्हणाली. "पलीकडं न्यायचा. दोघींचं हाय तर दिसाय पाहिजे."

ज्ञानू पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन शिडीवर चढला. एस आधी निघाला, अख्खा. पण कॉमा उचकटताना टचकन मोडला, आणि त्याचे दोन तुकडे उडून थेट गटारीत गेले. एस त्यानं डावीकडं सरकवून बसवला.

कागलहून पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोन येऊन गेला होता. दुसरा कॉमा करायचा तर ज्ञानूला कारखान्यापर्यंत जाऊन यावं लागणार.

"रेडियम," पूर्णिमा एकदम म्हणाली. "कोपऱ्यापलीकडं रेडियमवाला बसतोय. गाड्यांवर नावं चिकटवतोय तो. मॅडम, बसा मागं. कॉमा कसा असतोय ते त्याला तुमीच दावा."

"मी? स्कूटरवर?"

"हेल्मेट हाय की तुमच्याकडं."

मॅडम बसल्या. पूर्णिमानं स्कूटर अशी काढली की मॅडमनी तिच्या कमरेला मिठीच मारली. भाजीची गाडी, उभा टेम्पो, मध्येच वळणारी रिक्षा, सगळ्यांना वळसे घालत ती निघाली. पहिल्या वळणावर मॅडमनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर उघडले. तिसऱ्याला त्या जोरात हसत होत्या आणि "अजून जरा जोरात," असं त्यांच्या तोंडून कसं निघालं, ते त्यांनाच कळलं नाही.

रेडियमवाल्यानं आयुष्यभर वाघ, तलवारी आणि आईवडिलांचे आशीर्वाद कापले होते; कॉमा कधी कापला नव्हता. पहिला झाला तो बेडकाच्या पिल्लासारखा. दुसरा कोयरीसारखा. मॅडमनी त्याच्या हातातलं पेन घेऊन लाल कागदावर स्वतः काढून दाखवला: वर गोल थेंब, खाली डावीकडं वळलेली बारीक शेपटी. त्यानं तो ब्लेडनं एका झटक्यात उतरवला.

"एवढ्यासाठी पळत आलाय व्हय?" त्यानं विचारलं. "लिवलंय काय त्यात?"

"दोघीजणी," पूर्णिमा म्हणाली आणि किक मारली.

परत आल्या तर गाळ्यासमोर गर्दी जमली होती. कागलचे पाहुणे, गल्लीतल्या बायका, समोरचा चहावाला, सगळे शिडीखाली माना वर करून उभे. कशासाठी थांबलोय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. पण तेजस्वी प्रत्येकाला सांगत होती, "माझी चूक झाली. शाळा आमच्या दोघींची हाय." ज्ञानूनं फडक्यानं पत्रा पुसला. मग कॉमा जागेवर चिकटवला. त्यानं अंगठ्यानं शेवटचा दाब दिला आणि खाली टाळ्या पडल्या. आण्णांनी तर नारळच फोडला; खरं तर तो कागलच्या थोरल्या काकींनी फोडायचं ठरलं होतं.

"सोमवारी बँकेत जाऊन तुझं बी नाव घालूया," तेजस्वी म्हणाली.

"ते तर घालायचंच हाय," पूर्णिमा म्हणाली. मग तिनं धाकटीच्या डोक्यावर टपली मारली आणि तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले.

त्या दुपारी मॅडमनी मैदानात पहिली फेरी मारली. पूर्णिमा मागं पळत होती, तेजस्वी पुढं उलट्या पावलांनी पळत होती, आणि दोघी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या सूचना ओरडत होत्या. मॅडमनी दोघींचं ऐकलं नाही. गाडी सरळ नेली, वळवली आणि ब्रेक लावून थांबवली. हेल्मेट काढलं तेव्हा त्यांचा चेहरा घामानं आणि आनंदानं ओला होता.

पुढं रोज कुणी ना कुणी थांबून सांगायचं, ताई, तुमचा कॉमा सरकलाय. पूर्णिमा मग त्यांना उभं करून सगळं समजावून सांगायची. पुरुष मान हलवून जायचे. बायका मात्र ऐकून झाल्यावर फी विचारायच्या, आणि महिन्याभरात सकाळची तुकडी भरली.

पूर्णिमाला आता बोर्ड वाचायचं वेडच लागलं. शाहूपुरीतून जाताना ती स्कूटर हळू करायची. चपलांच्या दुकानावर कॉमा, झेरॉक्सवाल्याकडं कॉमा, एका चहाच्या टपरीवर तर दोन. एक दिवस ती TYRE'S लिहिलेल्या दुकानासमोर थांबलीच.

"पावणं, ह्याचा अर्थ टायरचं असा होतोय. टायरचं काय? पुढं काय लिवलंच न्हाय."

दुकानदारानं बोर्डकडं बघितलं. "टायरचं दुकान," तो म्हणाला. "मग बरोबरच हाय की."

पूर्णिमानं तिथंच गाडी स्टँडला लावली आणि मॅडमना फोन केला. मॅडम पलीकडून इतक्या हसल्या की दुकानदारालाही ऐकू गेलं.

"त्यांना म्हणावं, एकाच टायरचं दुकान झालं मग," मॅडम म्हणाल्या. "विचारा, दुसरा टायर विकायचा नाही का?"

पूर्णिमा फोन कानाला तसाच धरून दुकानदाराकडं वळली.