बिनआवाजाचा कॉम्प्युटर

संभाजीराव तुपे यांना कमी ऐकू येतं, हे निम्म्या हडपसरला ठाऊक होतं. उरलेल्या निम्म्यांना संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना टीव्हीच्या आवाजावरून कळायचं. मान्य नव्हतं ते फक्त संभाजीरावांना. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये फिटर म्हणून काढली. तिथं दिवसभर पत्र्यावर घाव पडत, आणि कानात कापूस घालणाऱ्याला पोरं हसत. कान त्यांच्या आधीच निवृत्त झाले. हात मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरी बसल्यावर महिन्याभरात त्यांचं नळ, पंखे, मिक्सर, शेजाऱ्यांची शिलाई मशीन असं सगळं उघडून झालं. मग मुलाचा बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तो त्यांनी दारातच अडवला. दोन दिवस आत डोकं घालून बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढंच होय!"

त्याला आता सहा वर्षं झाली होती. मागच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातांनी एकोणतीस कॉम्प्युटर जोडून विकले होते. कुणाला गेम खेळायला हवा, कुणाला लग्नाचे व्हिडिओ कापायला, कुणाला इमारतींचे नकाशे काढायला. जसं काम तसं मशीन. दारावर पाटी नाही, जाहिरात नाही. एकाचं बघून दुसरा यायचा. "दुकान टाका की," लोक म्हणत. "दुकान टाकलं की गिऱ्हाइकाची चाकरी," ते म्हणायचे, "चौतीस वर्षं केली तेवढी बास झाली."

त्यांची कामाची पद्धत कारखान्यातलीच. मशीन तीन दिवस चालवून पाहिल्याशिवाय घराबाहेर जायचं नाही. आतली प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक गाठ एका रेषेत. बायको द्वारकाबाई एकदा म्हणाल्या, "आवो, झाकण लावल्यावर आत बघतंय कोण?" संभाजीराव म्हणाले, "मी बघितलंय ना." 

आणि पंखे तपासायची रीत तर जुन्या फिटरांचीच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग सुखी आहे की कुरकुरतंय, ते हाड सांगतं. त्याला कान लागत नाही.

श्रावणात त्यांना शनिवार पेठेतून बोलावणं आलं. विजयमालाबाई एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अंध मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. त्यांच्या भाच्याने, सलिलने, संभाजीरावांकडून एक मशीन नेलं होतं, त्यानेच नाव सुचवलं. चौथ्या मजल्यावरची आतली खोली त्यांनी या कामाला दिली होती. चारही भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, मधे टेबल, माइक आणि एक जुना कॉम्प्युटर.

"ऐका," बाई म्हणाल्या.

संभाजीराव वाकले. कॉम्प्युटरचा दिवा लागलेला दिसत होता. "हं," ते जाणकारासारखे म्हणाले.

"हं काय? गिरणी आहे ती. माझं वाक्य संपलं, की मागे हिची घरघर. त्या मुलांचा सगळा अभ्यास कानांवर चालतो, तुपे. मी त्यांना इतिहास वाचून दाखवते आणि ती बिचारी दळण ऐकतात. मला आवाज नकोय. कमी आवाज असं म्हणत नाहीये मी. आवाज नको."

"करतो की बाई. हाय काय त्यात!"

"असं दोन दुकानदार म्हणाले. दोघांचीही मशीन परत गेली."

आता तिथं गप्प बसला असता तो शहाणा. पण दुकानदारांशी तुलना झाली आणि संभाजीरावांना ती झोंबली. "बाई, मी दुकानदार नाय. माझ्या मशीनचा आवाज आला, तर पुन्हा कुठल्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाय. शब्द हाय आपला."

"शब्द माझ्याकडे भरपूर आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही शांतता आणा."

घरी येताना बसमध्ये त्यांना जाणवलं, की आपण काय बोलून बसलो. एकोणतीस मशीनमध्ये आवाजाची तक्रार कुणी केली नव्हती, कारण गेम खेळणाऱ्या पोरांच्या कानात बंदुकाच वाजत असतात. आणि ज्याची परीक्षा व्हायची ती गोष्ट त्यांना स्वतःला तपासता येत नव्हती. हे मात्र त्यांनी मनातल्या मनातही पुरतं म्हटलं नाही.

दीड महिना त्यांनी दुसरं काही केलं नाही. मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे पंखे आणले. एकेका पंख्याला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि सातातले तीन परत पाठवले. सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून प्रत्येक स्क्रूखाली घातले, म्हणजे लोखंडाला लोखंड लागायला नको. कॅबिनेटला आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. तळहात ठेवून तासन् तास बसायचे. हाताला काही लागलं, की पुन्हा उघडायचं. शेवटी एका सकाळी हाताला काहीच लागेना. त्यांनी द्वारकाबाईंना हाक मारली.

"बघ गं. कसं वाटतंय?"

द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या, टेबलाजवळ क्षणभर उभ्या राहिल्या. "कसं वाटायला चालू तर करा!"

मशीन तासभर चालू होतं. संभाजीरावांनी त्या दिवशी जेवताना दोनदा आमटी मागून घेतली आणि कारण विचारल्यावर सांगितलं नाही.

पुढे तीन दिवसांची चाचणी झाली, तेवढ्यात खंडेनवमी आली. कारखान्यात ते प्रेसची पूजा करायचे, आता हत्यारांबरोबर नव्या मशीनची केली. दसऱ्याला दुपारी ते मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला दटावत शनिवार पेठेत पोचले. बाईंनी ते चालू केलं, कान लावला, दिवा लागलाय ना ते पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं." शनिवार पेठेत याच्या वरचं कौतुक मिळत नाही. संभाजीराव तरंगतच घरी आले.

चौथ्या दिवशी फोन आला. ऐकू नीट यावं म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला, त्यामुळे द्वारकाबाईंनीही ऐकला. "तुपे, तुमचं मशीन बोलायला लागलंय. अर्धा तास गप्प असतं, मग टिकटिक सुरू. सोमवारी मुलांना तीन धडे द्यायचेत. आज आहे शुक्रवार. येताय की मी जुनी गिरणीच लावू?"

ते हत्यारांची पिशवी घेऊन उठले. द्वारकाबाई दारापर्यंत आल्या. "त्यांना सांगा की आवो, ऐकू कमी येतंय म्हणून. त्यात काय एवढं?" संभाजीरावांनी चप्पल घातली. हे त्यांना ऐकू आलं नाही, असं त्यांनी दाखवलं.

बाईंनी दार उघडून सरळ आतल्या खोलीत नेलं. खुर्ची पुढे केली. संभाजीराव मशीनपाशी वाकले, मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"येतोय ना?" बाईंनी विचारलं.

"येतोय की."

"कुठून?"

"डावीकडनं. किरकोळ हाय, काढतो."

 बाईंनी हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं, तेव्हा कुठे मशीनचा दिवा लागला. "तुपे, मी अजून ते चालूच केलं नव्हतं."

संभाजीरावांना वाटलं, चौथ्या मजल्यावरून खाली उतरायला या घराला दुसरा जिना असता तर बरं झालं असतं. प्रेस शॉपमध्ये कुणी माप न घेता 'बरोबर आहे' म्हटलं, की ते त्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचे. आज स्वतः तेच केलं होतं, आणि तेही एका मास्तरणीसमोर. कानशिलं तापली. पिशवी उचलून निघून जावं, असं मनापासून वाटलं. पण मशीन मागे राहिलं असतं, टिकटिक करत, त्यांच्या नावावर.

"बाई," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाय."

पासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य ते पहिल्यांदा उच्चारत होते. वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान निघालं.

"किती?"

"तुम्ही मोठ्यानं बोलता म्हणून चालतंय. पंख्याबिंख्याचा आवाज अजिबात नाय. लई वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "मग हे इतकं शांत बनवलंत कसं?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणून संभाजीराव आधी गोंधळले. मग त्यांनी पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. मशीन तापायला अर्धा तास लागणार होता. तेवढ्या वेळात त्यांनी बाईंना ट्यूबचे वॉशर दाखवले, नमदा दाखवला, परत पाठवलेल्या तीन पंख्यांच्या तक्रारी सांगितल्या. बाई शाळा तपासायला आल्यासारख्या सगळं बघत होत्या.

"सुरू झालं," एकाएकी बाई म्हणाल्या.

संभाजीरावांनी झाकण काढलं. पहिल्या पंख्याच्या चौकटीला टोक लावलं, मूठ कानामागे, डोळे बंद. सुखी. दुसरा, सुखी. तिसऱ्याला टोक लावलं मात्र, हाडात बारीक ठोका पडला. पुन्हा पडला. एकसारखा.

"हितं हाय," ते डोळे न उघडताच म्हणाले.

त्यांनी मशीन बंद करून पंखा सोडवला आणि उजेडात धरला. चौकटीच्या आतल्या कडेला एक तांदळाचा दाणा चिकटून वाळला होता. कुंकवाने लाल. मशीन तापून पंखा जरा वेगात आला, की पात्याचं टोक त्याला घासत होतं.

संभाजीरावांना लगेच उमगलं. तीन दिवसांची चाचणी संपवून मग त्यांनी पूजा केली होती. प्रेसवर टाकायचे तशा मूठभर ओल्या अक्षता मशीनवर टाकल्या होत्या. प्रेसला अक्षतांनी काय होतंय! पण या मशीनला वर जाळी होती. एक दाणा आत गेला असणार आणि रिक्षाच्या धक्क्यांनी सरकत पंख्यात जाऊन बसला असणार. पंख्याची कंपनी, रस्त्यातले खड्डे, बाईंच्या घरातले उंदीर, कुणाच्याही माथी मारता आलं असतं. त्यांनी दाणा नखाने काढला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.

"खंडेनवमीची अक्षता हाय. माझ्याच हातची. पूजेनंतर पुन्हा तपासायला पायजे होतं, नाय तपासलं. चूक माझी. शब्दही माझाच होता. हे एवढं नीट लावून देतो, मग बंद."

"काय बंद?"

"हे करणं."

बाईंनी दाण्याकडे पाहिलं. "तुपे, एकतीस वर्षांत माझ्यापुढे शपथा घेणारी मुलं शेकड्यांनी आली. आपली चूक हातावर आणून ठेवणारी चार. पाचवा घरी पाठवायला मी काही मूर्ख नाही. पुढच्या वर्षी पूजा करा, पण अक्षता टेबलाच्या पायाशी वाहा. आता तो पंखा लावा. माझा वेळ जातोय."

संभाजीरावांनी पंखा लावला. या वेळी जाळी, पाती, फटी, सगळं दोनदा पुसलं. चारही पंख्यांना पुन्हा टोक लावून पाहिलं. झाकण घालून ते पिशवी आवरायला लागले, तर बाई म्हणाल्या, "बसा. आणि हलू नका, ती खुर्ची कुरकुरते. तापायला अर्धा तास द्यायचाय ना? मी तेवढ्यात वाचते."

त्यांनी माइक पुढे ओढला, पुस्तक उघडलं. पडद्यावर एक आडवी रेघ सरकायला लागली.

"ही काय?" संभाजीरावांनी विचारलं, आणि रेघ एकदम उसळली. ते दचकले.

"आवाज," बाई म्हणाल्या, आणि ती पुन्हा उसळली. "खोलीत जे जे वाजतं ते इथे दिसतं. हे आपलं बोलणं मी नंतर कापून टाकीन. आता गप्प."

बाई वाचायला लागल्या. माइकसाठी त्या हळू वाचत होत्या, त्यातला एकही शब्द संभाजीरावांपर्यंत पोचत नव्हता. ओठ हलताना दिसायचे आणि पडद्यावर डोंगर उठायचे. वाक्य संपलं, की बाई श्वास घ्यायला थांबत. तेव्हा रेघ खाली येऊन सपाट पडायची, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास उलटला. संभाजीरावांनी हळूच हात पुढे करून कॅबिनेटला तळवा लावला. मशीन चांगलंच तापलं होतं. रेघ तशीच सपाट पडत होती.

त्यांचे डोळे भरून आले, आणि खुर्ची कुरकुरेल म्हणून त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत. डोंगर बाईंचे होते. डोंगरांमधली सपाट जागा संभाजीरावांची होती. ती यायची, तेव्हा ते श्वास रोखून बघायचे.